आधी ॲनालिसिस, मग बाकीचं

मी फळ्यावर चिठ्ठी लावत होते आणि टाचणी काही केल्या आत जात नव्हती. महिना एप्रिलचा, पण खिडकीबाहेर अजून नोव्हेंबरच चालला होता. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबतही नव्हता. जर्मनीच्या उत्तर टोकाला, कीलमध्ये, तो बहुतेक असाच असतो. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं – 'ॲनालिसिस दोनसाठी जोडीदार हवा. अक्षर वाईट चालेल, आळस चालणार नाही. वीबके.'

"चुकतंय तुझं," मागून कुणीतरी म्हणालं.

मला वाटलं, टाचणीबद्दल बोलतोय. मी ती मागे न बघताच पुढे केली आणि म्हटलं, मग तूच लाव. एक लांब हात माझ्या खांद्यावरून आला, अंगठ्याने टाचणी एका दमात दाबली आणि तिथेच थांबला. निळ्या लोकरीची बाही, कडेला उसवलेली, ओल्या लोकरीचा वास येणारी... मी उगाचच श्वास धरून उभी राहिले.

"टाचणी नाही, क्रम चुकतोय. दुसऱ्या सेमिस्टरला ॲनालिसिस दोन कोण घेतं?"

"सगळेच घेतात."

"तेच तर. म्हणून तिसऱ्या सेमिस्टरला निम्मेच उरतात."

मी वळले. ह्या मुलाला मी ओळखत होते, म्हणजे गणित विभागात सगळेच ओळखत. एन्नो. सहाव्या सेमिस्टरचा, उंच, थोडा वाकून चालणारा, कायम कुठेतरी खडू लागलेला. त्या दिवशी कानाच्या पाळीला लागला होता. कुठला विषय कधी घ्यावा, कशाच्या आधी काय, कुठले प्राध्यापक कुठल्या वर्षी टाळावे, हे विचारायला पोरं विभागाच्या ऑफिसात न जाता त्याच्याकडे जायची.

"मग माझ्या चिठ्ठीचं काय करू?"

"राहू दे. चिठ्ठी छान आहे," तो म्हणाला. "पण आळस चालणार नाही म्हणजे नक्की किती चालणार नाही?"

मी त्याला सांगितलं की तुझा चालणार नाही. तो हसला. हसताना तो खाली बघायचा, आपण हसतोय हे कुणाला कळू नये असं.

आमच्याकडे दर आठवड्याचा स्वाध्याय दोघांनी मिळून द्यायचा असतो. एका कागदावर दोन नावं. मंगळवारी दुपारी बाराच्या आत तो जिन्याखालच्या लाकडी पेटीत पडला पाहिजे. एकट्याचा कागद कुणी तपासत नाही. निम्मे गुण जमले तर परीक्षेला बसता येतं, नाही तर नाही. त्यामुळे इथे माणसं लग्नाआधी करणार नाहीत एवढी चौकशी जोडीदाराची करतात. माझी पहिली जोडीदार बीर्टं एका सेमिस्टरनंतर गणित सोडून नर्सिंगला गेली होती. जाताना म्हणाली, तिथे निदान माणसं बरी तरी होतात.

एन्नो मला विद्यार्थ्यांच्या खोलीत घेऊन गेला. बसकण मारलेला सोफा, करपलेल्या कॉफीचा वास आणि एक भिंतभर फळा. त्याने माझा पूर्ण अभ्यासक्रम फळ्यावर मांडला. गोल काढले, बाण काढले, आणि प्रत्येक बाण का आहे ते असं समजावलं की मला वाटलं, हे मला आधी कुणी का नाही सांगितलं? बीजगणित आता घे. मग टोपोलॉजी सोपी जाते. टोपोलॉजी झाली की ॲनालिसिस दोनमधलं अर्धं तुला आधीच येत असतं. मग त्यात घाबरण्यासारखं काय उरतं?

गोष्ट पटण्यासारखी होती. मी डिटमार्शनच्या कोबीच्या शेतांमधली मुलगी. आमच्याकडे कोबी कधी लावायचा आणि कधी काढायचा ह्यावर कुणी चर्चा करत नाही, ते ठरलेलं असतं. इथे कुणीतरी माझ्यासाठी बसून विचार करत होतं, आणि तेसुद्धा अशा हातांनी... बरं, हातांचं राहू दे.

माझ्या बाणांशेजारी त्याने आणखी एक रेघ ओढली. माझ्या रेघेला समांतर, सेमिस्टरमागून सेमिस्टर.

"ही कोण?" मी विचारलं.

"मी."

"आणि ॲनालिसिस दोन?"

"पुढच्या उन्हाळ्यात. दोघं मिळून." खडूकडे बघत म्हणाला, "तुला चालणार असेल तर."

मी विरघळले, ह्यात लपवण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या वर्षी कुणी पुढची दोन वर्षं फळ्यावर काढून दाखवली आणि त्यातल्या प्रत्येक गोलात तो आपल्या शेजारी बसलेला असला, तर आणखी काय व्हायचं? रात्री झोपताना मी ते बाण पुन्हा मोजत होते. गणितासाठी नव्हे, हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तो क्रम मंजूर करून घ्यायला मी फ्राउ लोरेन्त्सेनकडे गेले. त्या आमच्या सल्लागार. त्यांच्या खिडकीत एक रोपटं आहे, ते मेलंय की जगतंय ह्यावर विभागात पैजा लागतात. त्यांनी माझा कागद वाचला, एकदा नव्हे, दोनदा. मग विचारलं, हा कुणी करून दिला? मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"क्रम चांगला आहे. सही मी करीन," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या विद्यार्थ्यांबद्दल मला बोलता येत नाही. पण क्रम करून देणाऱ्याचा स्वतःचा क्रम कुठवर आलाय, एवढं त्यालाच विचारा. सही मग करू. अजून आठवडा आहे तुम्हाला."

जिना उतरताना मी तो बिनसहीचा कागद घडी करून खिशात घातला.

त्या संध्याकाळी आम्ही खाडीच्या काठाने चाललो होतो. धुकं एवढं की पलीकडची जहाज बांधायची गोदी दिसत नव्हती, नुसता घणांचा आवाज येत होता. एन्नोने दोघांसाठी हेरिंग मासा घातलेले पाव घेतले होते आणि माझ्यातला कांदा न विचारता काढून स्वतःच्या पावात घातला होता. मी कांदा खात नाही, हे त्याच्या कधी लक्षात आलं कोण जाणे. एवढ्या छोट्या गोष्टीने माणूस सुखावतो, आणि नेमका तेव्हाच मला प्रश्न विचारायचा होता.

"तू ॲनालिसिस दोन कधी केलंस?"

तो चालत राहिला. मग म्हणाला, "केलंय की. दोनदा."

पुढचं त्याने थांबत थांबत सांगितलं, मध्ये मध्ये पाण्याकडे बघत. दोनदा बसला, दोनदा नापास झाला. तिसरी संधी शेवटची. तिच्यातही नापास झाला तर नाव कापतात, आणि मग देशातल्या कुठल्याच विद्यापीठात गणित शिकता येत नाही. ह्या शहरात नाही, त्या शहरात नाही, कुठेच नाही. म्हणून त्याने ते पुढे ढकललं होतं. बीजगणित केलं, टोपोलॉजी केली, संख्या सिद्धान्त केला, सगळ्यात उत्तम गुण. दर सेमिस्टरला नवा क्रम मांडायचा, आणि प्रत्येक क्रमात ते एक पुढच्या उन्हाळ्यात.

"येतं मला ते, वीबके," तो म्हणाला. "तुला आत्ता इथे समजावून सांगेन. पण तिथे बसलं की... कागद पांढरा दिसतो आणि पांढराच राहतो."

मला त्याची दया यायला हवी होती. मला आला राग.

"म्हणजे मला तू तुझ्या भीतीत पोटभाडेकरू म्हणून ठेवणार होतास? एक वर्ष?"

"नाही." मग पावाचा कागद चुरगाळत, "थोडंसं. शेजारी कुणी असतं तर वर्ष लवकर गेलं असतं."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात तू आणखी एक क्रम काढला असतास."

त्याने नाही म्हटलं नाही. त्याला खोटं बोलता येत नसे, नुसतं टाळता येत असे. मी म्हटलं, मी ह्याच सेमिस्टरला ॲनालिसिस दोन घेतेय. तू काय करायचंस ते तुझं तू बघ. आणि ताडताड बसस्टॉपकडे निघाले. पाच मिनिटांनी रडू आलं, तेही बसमध्ये, सगळ्यांदेखत. शेजारच्या आजोबांनी रुमाल पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पहिला स्वाध्याय मी एकटीने सोडवला. माझ्या चिठ्ठीला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मंगळवारी बारा वाजायला आले तेव्हा मी कागद हातात घेऊन पेटीसमोर उभी होते. वरती माझं नाव, खालची ओळ रिकामी. टाकून उपयोग नव्हता, न टाकता परत जायला पाय निघत नव्हता.

एन्नो जिन्यावरून धावत आला. केस ओले, चेहरा पांढराफटक. माझ्या हातातून कागद घेतला, भिंतीला टेकवून माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. मग कागद पेटीत टाकून पेटीवर हात ठेवून उभा राहिला, कागद परत बाहेर येईल की काय अशा भीतीने.

"मी त्यातलं एकही गणित सोडवलेलं नाही," तो म्हणाला. "पुढच्या वेळेपासून निम्मी माझी."

"निम्मी नाही. सगळी दोघांनी," मी म्हटलं.

तो उन्हाळा म्हणजे कँटीनचं कोपऱ्यातलं टेबल. बटाट्याचं सार, ओल्या छत्र्या, आणि आमची डोकी एका कागदावर. तो समजावायचा तेव्हा मला खरंच समजायचं. एकदा त्याने मला एक विचित्र फंक्शन दाखवलं. एका बिंदूतून कुठल्याही दिशेने सरळ चालत जा, सगळं सुरळीत, उतार नीट मोजता येतो. आणि तरीही त्या बिंदूपाशी ते तुटलेलंच असतं.

"सगळ्या दिशांनी ठीक, पण एकूण ठीक नाही," मी म्हटलं. "तुझा नातेवाईक दिसतोय."

"सख्खा चुलतभाऊ," तो गंभीरपणे म्हणाला. "सणासुदीला येतो आमच्याकडे."

असं आमचं चालायचं. पण परीक्षा जवळ आली तसा तो गप्प होत गेला. जेवण अर्धं टाकायचा. मी त्याला वेळ लावून जुने पेपर सोडवायला बसवायची. पहिल्यांदा त्याने अर्धा तास नुसतं पेनचं टोपण उघडलं-लावलं. मी टेबलाखालून त्याचा डावा हात धरला. बर्फासारखा गार होता. उजव्याने त्याने लिहायला सुरुवात केली. त्यानंतर रोज आम्ही तसंच बसायचो. मी डावखुरी, तो उजवा, त्यामुळे दोघांचंही काम चालायचं. ह्या सोयीचं आम्ही दोघांनी मनातल्या मनात किती कौतुक केलं असेल!

पण परीक्षेत कुणी हात धरत नाही. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून तो विषय कुणी काढला नाही.

शेवटच्या आठवड्यात एकदा, वाचनालयाच्या दारात पाऊस कमी व्हायची वाट बघत उभे असताना, मी म्हणाले, "एन्नो, मला तुला काहीतरी..."

त्याने चटकन तळहात वर केला. माझ्या ओठांना लागला नाही, पण लागल्यासारखा वाटला.

"आत्ता नको. आधी ॲनालिसिस, मग बाकीचं. तू आत्ता बोललीस तर माझ्याकडे हरायला दोन गोष्टी होतील."

मी मान हलवली. त्याने माझ्या कोटाची टोपी डोक्यावर ओढून दिली, गरजेपेक्षा जरा सावकाश. आम्ही पावसात निघालो.

परीक्षेला तो माझ्यापुढे चार रांगा होता. आमच्याकडे परीक्षेत मधे मोकळ्या खुर्च्या सोडतात. मला त्याची निळी पाठ दिसत होती. सुरुवातीला खांदा हलत होता. लिहितोय, मी मनात म्हटलं, लिहितोय. मग मी माझ्या पेपरात बुडाले. पुन्हा मान वर केली तेव्हा खांदा थांबला होता. त्याचा डावा हात टेबलाखाली होता, रिकामा. मी बघत राहिले. त्या पाठीला मी मनातून काय काय सांगितलं, पण पाठीला कुठे कान असतात. मग मला माझा पेपर पुरा करायचा होता, आणि मी तो पुरा केला.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, तुला कसा गेला? मी म्हटलं, बरा. मी त्याला विचारलं नाही.

निकाल लागायच्या दिवशी सकाळी त्याचा निरोप आला. 'मी खाडीवर पायऱ्यांवर बसतोय. माझाही तूच बघ. मला आकडे नकोत, तुझ्या तोंडून कळू दे.' खाली त्याचा परीक्षा क्रमांक.

मी विद्यार्थ्यांच्या खोलीत एकटीच होते, कॉम्प्युटरवर निकालाचं पान उघडून. आमच्याकडे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे संपलं. माझ्या क्रमांकासमोर दोन होता. त्याच्यासमोर पाच. मी पान बंद केलं, पुन्हा उघडलं, बोटाने ओळ धरून पाहिली. पाच.

खाडीपर्यंतचा रस्ता पंधरा-वीस मिनिटांचा आहे. आभाळ खाली आलं होतं, रस्ते ओले होते, आणि माझ्याकडे त्याला सांगायच्या दोन गोष्टी होत्या. कुठली आधी सांगायची? निकाल आधी सांगितला, तर दुसरी गोष्ट त्याला भीक वाटेल. हरलेल्या माणसाला दिलेलं चॉकलेट. दुसरी आधी सांगितली, तर औषधाआधीची साखर वाटेल. आणि ती सांगायचीच नाही म्हटलं, तर तो आजच सामान बांधील. मी ओळखत होते त्याला. जन्मभर मग ती माझ्याकडेच राहील. मी चालत होते आणि क्रम लावत होते, मोडत होते. ह्याबाबतीत विचारायचं कुणाला? ज्याला विचारलं असतं, तोच तिथे पायऱ्यांवर बसला होता.

तो खालच्या पायरीवर होता, पाण्याजवळ. मी शेजारी बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले.

पाणी पायरीवर येऊन परत गेलं. पलीकडे एक बोट भोंगा वाजवून निघाली. एन्नोने डोळे मिटले.

"म्हणजे नापास," तो म्हणाला.

मी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"पास असतो तर तू वरच्या रस्त्यावरूनच ओरडली असतीस. मग हे सांगितलं असतंस. हे आधी आलं, म्हणजे ते वाईट आहे." त्याचा आवाज अगदी सरळ होता, सिद्धता वाचून दाखवत असल्यासारखा. शेवटी मात्र फाटला. "बरोबर?"

"बरोबर."

तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याच निळ्या पाठीवर. समजूत घालायला माझ्याकडे काही नव्हतं. असं कसं असतं की हा माणूस बसच्या तिकिटाच्या मागेसुद्धा सुंदर सिद्धता लिहायचा, आणि उद्यापासून त्याला इथे ती लिहायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, मी जोर केला नसता तर... त्याने डोकं हलवलं.

"तू नसतीस तर मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत पुढच्या उन्हाळ्याबद्दल बोलत राहिलो असतो."

मग सांगितलं की त्याने चौकशी करून ठेवली होती. हॉलंडमध्ये ग्रोनिंगनला आमचा नियम चालत नाही. तिथे घेतील, पण अगदी पहिल्यापासून, पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर. सप्टेंबरमध्ये जावं लागेल. जाईल की नाही, ते त्याला आत्ता सांगता येत नव्हतं. जायला हवं, एवढं माहीत होतं. मी म्हटलं, गाडीने अर्धा दिवस लागतो तिथे. तो म्हणाला, मधे गाडी बदलावी लागते. अर्धा दिवस हा फार लांब असतो, आणि ते दोघांनाही कळत होतं.

पाऊस लागला होता. उठावं असं कुणालाच वाटत नव्हतं. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"मघाचं पहिलं वाक्य परत सांग ना."

"का? ऐकलंस की."

"नाही ऐकलं. मी लगेच त्याच्या पुढच्याकडे गेलो."

मी त्याचा डावा हात हातात घेतला. गार होता. आणि मी ते वाक्य पुन्हा म्हणाले, सावकाश. ह्या वेळी त्याच्यामागून काही यायचं नव्हतं.